हवाई ते काँगो, व्हाया वहिनी

वहिनी आमच्याकडे बोईसरला राहायला आली ती माझ्या बायकोच्या सांगण्यावरून. मुलीचं बाळंतपण पुण्यात होतं, बायको तिकडे चार महिने जाणार होती, आणि मला कुकर लावण्यापलीकडे स्वयंपाकातलं काही येत नाही. बायकोने समुद्रकाठच्या आमच्या गावी, एडवणला, फोन केला आणि तिसऱ्या दिवशी वहिनी एक पिशवी आणि स्वतःची खवणी घेऊन दारात उभी. शहरातल्या खवण्यांवर तिचा विश्वास नाही. मला या बेताबद्दल कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी नको म्हणालो असतो आणि कारण सांगता आलं नसतं.

ते कारण आता सांगतो. पंचावन्न उलटली, आता कुणापासून लपवायचं.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. ती लग्न होऊन आमच्या घरात आली तेव्हा मी सात वर्षांचा होतो आणि आई जाऊन तीन वर्षं झाली होती. तिचं वय जेमतेम अठरा. मला तिनेच वाढवलं. आंघोळ घालताना कानामागे इतकं घासायची की अजून न्हाव्यापुढे बसलो की माझी मान आपोआप वाकडी होते. पुढे मला तारापूरच्या एका रसायनांच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत नोकरी लागली, मी बोईसरला बिऱ्हाड केलं, आणि एडवणला जाणं सणावारापुरतं उरलं. यात काही विशेष नाही. सगळ्यांचंच होतं.

सहा वर्षांपूर्वी भाऊ आजारी पडला. पालघरच्या एका इस्पितळात बारा दिवस होता. वहिनी आत त्याच्याजवळ. मी शिफ्ट सुटली की जायचो आणि बाहेरच्या बाकड्यावर बसायचो. आत जाऊन त्याला बघायचं धैर्य होत नव्हतं. वहिनी मधूनमधून बाहेर यायची. मी विचारायचो, "डॉक्टर काय म्हणाले?" ती सांगायची आणि परत आत जायची. बाराव्या दिवशी भाऊ गेला. तिची पिशवी आवरताना माझ्या लक्षात आलं की त्या पिशवीत डबा नाही. तिला डबा कुणी आणतच नव्हतं. मी रोज खालच्या गाडीवर वडापाव खाऊन, तोंड पुसून वर जात होतो, आणि बारा दिवसांत मी तिला एकदाही विचारलं नव्हतं की तू जेवलीस का.

एवढंच आहे. मी कुणाचा घात केला नाही, कुणाला फसवलं नाही. पण त्यानंतर मला वहिनीला काहीच विचारता येईना. साधं "बरी आहेस ना" म्हणायला तोंड उघडलं तरी ते बारा दिवस मध्ये येऊन बसत. सहा वर्षं मी तिच्याशी हो-नाही करत काढली. ती समजली असेल की शहरात राहून दिराला शिष्टपणा आला.

आणि आता ती माझ्याच स्वयंपाकघरात नारळ खवत बसली होती.

कारखान्यातून मी दोन वर्षांपूर्वी मुदतीआधी बाहेर पडलो होतो. वेळ जावा म्हणून घरबसल्या कॉम्प्युटरवर एक काम धरलं होतं. प्रवाशांसाठी मोबाइलवर रोजची वाक्यं देणारं काहीतरी तयार होत होतं, जगातल्या कुठल्याही दोन भाषांमध्ये. माझ्या वाट्याला जोडी आली ती हवाईयन आणि लिंगाला. पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरची एक भाषा आणि आफ्रिकेत काँगो नदीच्या काठची एक. मी काम वाटणाऱ्या बाईंना फोन केला.

"मॅडम, काहीतरी घोळ झालाय. मला यातली एकही भाषा येत नाही."

"काका, म्हणून तर तुम्हाला दिलं," त्या म्हणाल्या. "एक भाषा येणारा माणूस दुसरीला आपल्याकडे ओढतो. तुम्ही मधे बसा. दोन्हीकडची वाक्यं आणि त्यांचे अर्थ दिलेत. कुठलं वाक्य कुठल्याच्या समोर बसतं ते ठरवायचं. कोण कुणाला म्हणेल ते लिहायचं, आणि नेहमीचं उत्तर काय येईल ते. तिकडची माणसं नंतर तपासणारच आहेत."

"आणि उत्तर मला कसं कळणार?"

"घरात कुणाला तरी म्हणून बघा. खरं वाक्य असेल तर समोरचा माणूस खरं उत्तर देतो. पुस्तकी असेल तर तोंडाकडे बघत बसतो."

मला हे पटलं. प्रयोगशाळेत मी तीस वर्षं नमुने तपासलेत. मी दोन भाषांच्या मधे एक मराठीचा रकाना काढला. डावीकडे हवाई, उजवीकडे काँगो, मधे आपण. गंमत म्हणजे मराठी मधे बरी बसत होती. आपल्याकडे 'आपण' वेगळं आणि 'आम्ही' वेगळं, तसं हवाईयनमध्येही आहे. लिंगालात सगळ्यांना मिळून एकच 'आम्ही'. अशा ठिकाणी मी शेऱ्यात लिहायचो, "कुणाला धरून, कुणाला सोडून, ते विचारावे."

राहता राहिला प्रश्न घरात म्हणून बघण्याचा. घरात वहिनीशिवाय कुणी नव्हतं.

पहिलं वाक्य झोपेचं होतं. लिंगालात "ओलाली मालामु?" सकाळी ती चहा गाळत होती. मी दाराशी उभा राहिलो, कागदावर एकदा नजर टाकली आणि म्हणालो, "रात्री झोप लागली का?"

तिने गाळणं बाजूला ठेवलं. वळून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, वाक्य पुस्तकी निघालं.

"लागली," ती म्हणाली. मग पदराने हात पुसत म्हणाली, "मधे एकदा उठले. तुझा भाऊ खोकला असं वाटलं. मग आठवलं, आपण बोईसरला हाय. बाजूचा भय्या खोकत होता. तो पन भावासारखाच खोकतो रे, दोनदा लहान नि एकदा मोठा. ते ऐकतच झोपले."

मी खोलीत गेलो आणि उत्तराच्या रकान्यात लिहिलं, "लागली."

उत्तर पाच शब्दांच्या आत हवं, असा नियम होता. उरलेलं कुठे घालायचं ते मला कळलं नाही.

असं रोज चालू झालं. सकाळी दोन वाक्यं, दुपारी दोन, संध्याकाळी कंपन्यांकडून तो ओळखीचा रसायनांचा वास यायला लागला की खिडक्या लावताना एखादं. "आज काय केलंस?" "दमलीस का?" "हे कुणी शिकवलं तुला?" "तुला काय आवडतं?" शेवटच्या वाक्याला ती म्हणाली, "हे मला लग्नानंतर कोनी विचारलं नाय. थांब, आठवायला पायजे." दुसऱ्या दिवशी दुपारी, भाजी चिरताना, मी काही न विचारता तिने सांगितलं, "ओले काजू. आनि कोनी दुसऱ्याने केलेली भाकर."

मी लिहिलं, "ओले काजू."

वाक्यांबरोबर आवाजही यायचे. तिकडच्या माणसांनी आपापल्या घरात मोबाइलवर बोलून पाठवलेले. हवाईच्या एका बाईंच्या मागे सतत कोंबडा आरवायचा. काँगोतल्या माणसाच्या मागे मोटारसायकली. मी ते लावले की वहिनी स्वयंपाकघरातून यायची.

"कोन बोलते ही?"

"हवाई बेटावरची बाई. काय नवीन, असं विचारतेय. हे अहा का मेआ होउ."

"भाषा परकी हाय. कोंबडा आपला हाय." मग त्या दुसऱ्या आवाजाकडे बोट करून, "आनि हा?"

"हाही तेच विचारतोय. सांगो निनी. आणि त्याला उत्तर द्यायचं, सांगो ते. म्हणजे बातमी काही नाही, सगळं ठीक."

"बातमी नाय म्हंजे ठीक?" ती म्हणाली. "शहाणी मानसं हायत."

तिला माहीत होतं की मी परभाषांचं काही काम करतो. तिला विचारलेली वाक्यं त्याच कागदावरची आहेत, हे माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही. आधी वाटलं, सांगितलं तर ती सावध होईल आणि नमुना बिघडेल. हे मी स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे तिच्या उत्तरांची मला सवय लागली होती, आणि कागद हातात नसता तर मी तोंड उघडलं नसतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

ती मात्र बदलत गेली. सकाळी मी दाराशी येऊन उभा राहण्याआधी चहा गाळून, पाटावर बसून तयार असायची. शेजारच्या भाभीला तोडक्या हिंदीत सांगताना मी ऐकलं, "हमारा देवर रोज पूछता है. पैले नहीं पूछता था. अब पूछता है." बायकोचा पुण्याहून फोन आला.

"अहो, तुम्हाला झालंय काय? वहिनी म्हणतायत, बाबू मला रोज कसं वाटतं ते विचारतो. आम्हाला कधी विचारलंत नाही ते. मी तीस वर्षं कुठे कमी पडले?"

"तू बाळाचं बघ," मी म्हणालो.

"बघितलंत, परत विषय बदलला."

महिन्याभराने आजारपणाची वाक्यं आली. "कुठे दुखतंय का?" हे वाक्य दोन्ही भाषांत साधं होतं, तपासायची गरजही नव्हती. पण सवयीने विचारलं.

"गुडघा दुखतो ना," ती इतक्या पटकन म्हणाली, जणू कितीतरी दिवस कुणीतरी विचारण्याची वाट बघत होती. "चार वर्षं झाली. उतरताना जास्त. तुझ्या जिन्याला तर मी रोज शिव्या देते."

आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. नारळ, मासळी, भाजी, सगळं ती खाली उतरून आणत होती. मी रकान्यात "हो, गुडघा" असं लिहिलं आणि पुढचं वाक्य मला घेता येईना. सकाळी रिक्षा आणली आणि तिला पालघरला डॉक्टरकडे घेऊन गेलो. औषधं, पट्टा, आठवड्यातून दोनदा शेक. त्या दिवसापासून बाजारात मी जायला लागलो. मासळी घेताना फसलो की ती पिशवीत डोकावून म्हणायची, "ह्याला पापलेट म्हनून कोनी दिलं तुला? तुझ्या मॅडमने?"

असं करत शेवटचा गट आला. परतीच्या प्रवासाची वाक्यं. मी एव्हाना इतका निर्ढावलो होतो की पुढचं वाक्य न वाचताच स्वयंपाकघरात जायचो आणि तिथे कागद बघायचो. त्या दिवशी संध्याकाळी तिने कोलंबीचं भुजणं केलं होतं, मी ताटावर बसलो होतो, आणि कागद डाव्या हाताला होता.

मी म्हणालो, "तू घरी कधी जाणार?"

ती भात वाढत होती. तिचा हात थांबला नाही. भात वाढून झाला, त्यावर भुजणं घातलं, ताट माझ्याकडे सरकवलं.

"उद्या जाते," ती म्हणाली.

माझ्या लक्षात आलं नाही. खोटं कशाला सांगू, मला ते उत्तर लहान आणि सुटसुटीत वाटलं. मी जेवून उठलो, रकान्यात लिहिलं आणि झोपलो.

सकाळी चहा झाकून ठेवलेला होता. बाहेरच्या खोलीत खुर्चीवर तिची पिशवी, आणि पिशवीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेली खवणी. वहिनी चांगलं लुगडं नेसून बसली होती.

"भाजी चिरून ठेवलीय. दोन दिवस पुरंल. साडेनवाची गाडी मिळंल काय?"

मी उभाच राहिलो. मग मला कागद आठवला. तिला थांबवायचं तर एकच गोष्ट सांगावी लागणार होती, आणि ती सांगितली की गेले तीन महिने तिच्या हातून काढून घेतल्यासारखे होणार होते. नाही सांगावी, तर ती समजणार की दिराने घराबाहेर काढलं.

"वहिनी, ते मी तुला विचारलं नव्हतं," मी म्हणालो.

"मग कोनाला? घरात मांजर पन नाय."

मी आत जाऊन कागद आणला. सगळं सांगितलं. हवाई, काँगो, मधला रकाना, मॅडमने सांगितलेली पद्धत. सांगताना मी तिच्याकडे न बघता कागदाकडे बघत होतो. माझं संपल्यावर ती म्हणाली, "झोपेचं?"

"कागदावरचं."

"दमलीस का, ते?"

"तेही."

"आवडतं काय, ते पन?"

मी मान हलवली.

"म्हंजे मी तीन महिने कोनाला सांगत बसले होते? त्या कोंबडेवालीला?" तिचा आवाज चढला नव्हता, तेच कठीण होतं. "आनि मी शेजारनीला सांगितलं. तुझ्या बायकोला सांगितलं. हसला असाल तुमी दोघं."

"तिला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही."

"आनि पालघरला नेलंस ते? ते पन लिहिलेलं होतं कागदावर?"

"नाही," मी म्हणालो. "ते कुठेच लिहिलेलं नव्हतं."

खाली टमटमवाले ओरडत होते. मी आता थांबलो तर परत सहा वर्षं जातील असं वाटलं, म्हणून उभ्याउभ्याच इस्पितळाचं सांगितलं. बाकडं, वडापाव, डबा. तू जेवलीस का, हे मी बारा दिवसांत विचारलं नाही, आणि त्यानंतर काहीही विचारायची मला लाज वाटत होती. कागद होता म्हणून विचारता आलं. एवढं सलग मी लग्नात उखाणा घेतल्यापासून बोललो नसेन.

वहिनी बराच वेळ पिशवीचे बंद सोडत आणि बांधत होती.

"भूक लागायची रे," ती म्हणाली. "लई लागायची. तो आत तसा पडलेला आनि माझ्या पोटात कावळे. मला माझीच घान वाटायची. दुपारी समोरच्या खाटेवाल्यांचा डबा उघडला की मी संडासात जाऊन उभी ऱ्हायची, वास नको म्हनून." तिने पिशवीची गाठ ओढली. "तू विचारलं असतंस ना, तर मी जेवले असंच सांगितलं असतं. तोंडावर. आनि मग तू मोकळा झाला असतास. बरं झालं नाय विचारलंस."

"बरं कसं झालं?"

"बरं नाय झालं," ती म्हणाली. "पन तू एकटाच लाजत होतास असं समजू नको."

मग तिने कागद मागितला. तिला वाचता येतं, पण चष्मा पिशवीच्या तळाशी होता, म्हणून मला वाचायला लावलं. तिची उत्तरं.

"लागली," मी वाचलं.

"पुढं?"

"एवढंच आहे."

"खोकल्याचं?"

"पाच शब्दांच्या वर चालत नाही."

"ओले काजूच्या पुढं?"

"नाही."

"भाकर नाय लिहिलीस?" भाकरी गाळल्याचा तिला बाकी सगळ्यापेक्षा जास्त राग आला. "काजूपेक्षा भाकर महत्त्वाची. काजू काय, झाडाचे असतात. आजच्या आज लिहून पाठव तुझ्या मॅडमला."

मी खरोखरच पाठवलं. त्याबरोबर शेवटच्या वाक्यापुढे शेराही लिहिला की राहायला आलेल्या माणसाला हे वाक्य जेवणाच्या ताटावर विचारू नये, दोन्ही भाषांत. मॅडमचं उत्तर आलं, "शेरा उत्तम. काजूचं उत्तर लांब होतंय, पण ठेवूया."

वहिनी मात्र त्याच दिवशी निघाली. एकदा बांधलेली पिशवी सोडायची नाही, असं तिचं आहे, आणि राग गेला असला तरी जायचं ठरलं म्हणजे ठरलं. मी तिची पिशवी घेतली, खवणी तिने दिली नाही, आणि मीही दोन दिवसांचे कपडे घेऊन बरोबर निघालो. तिने नको म्हटलं नाही. सफाळ्याला उतरून एडवणची एस.टी. धरली. खिडकीशी ती, बाजूला मी. कागद मी मुद्दाम घरी ठेवला होता, त्यामुळे मला एकही प्रश्न सुचत नव्हता. गाडी सुटली, माकुणसार आलं, तरी मी समोरच्या सीटचं फाटलेलं रेक्झिन बघत बसलो होतो.

"आता मी विचारते," वहिनी म्हणाली. "कंपनीतून काढलं तुला, का तूच सोडलीस?"

हे मला घरात कुणी विचारलं नव्हतं. बायकोलाही मी "बाहेर पडलो" एवढंच सांगितलं होतं.

"काढलं," मी म्हणालो.

"पुढं?"

तिच्या मांडीवरची खवणी गाडीच्या प्रत्येक खड्ड्याला उडत होती आणि ती दोन्ही हातांनी दाबून माझ्याकडे बघत होती. समुद्र यायला अजून बराच वेळ होता. मी म्हणालो, एका सोमवारी मी नेहमीसारखा नमुने घ्यायला गेलो, तर माझ्या टेबलाशी दुसराच माणूस बसला होता, आणि त्याने मला विचारलं, काका, तुम्हाला कोण पाहिजे. आणि मग मी तिला सगळं सांगायला लागलो.